जोमाशेठचे रिकामे हात

खारघर गावात जोमाशेठकडे मी भाड्याचं घर बघायला गेलो, तेव्हा माझ्या हातात फक्त कागदपत्रांची फाईल होती. परतलो तेव्हा फाईल त्यांच्या ओट्यावर राहिली होती आणि माझ्या हातात एक लाल भोपळा, दोन नारळ आणि वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी होती. स्टेशनवर पोचतोय तोच बायकोचा, माधुरीचा, फोन. "भाडं किती ठरलं?" मी भोपळ्याकडे बघितलं. भाड्याचा विषय निघालाच नव्हता. पुडीत सुकवलेली कोळंबी होती, हे मला डब्यातल्या लोकांनी सांगितलं, तेही खिडकीकडे तोंड करून. आमचं साताऱ्याकडचं माळकरी घर. आमच्यात अंड्याचं नावसुद्धा हळू आवाजात घेतात.

तरीही तिथेच राहायला गेलो, आणि नऊ वर्षं राहिलो.

जोमाशेठ साठीच्या पुढचे, रुंद बांध्याचे. खाली अर्धी चड्डी, वर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात करंगळीएवढी जाड सोन्याची चेन. भातशेती सरकारनं शहरासाठी घेतली, तिच्या बदल्यात मिळालेल्या जागेवर त्यांनी तीन मजली इमारत बांधली. वर आम्ही भाडेकरू, खाली ते आणि त्यांची बायको हौसाकाकी. रोज सकाळी सातला ते ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत आणि गल्लीवर नजर ठेवत. घारीसारखी. समोरून जाणारा प्रत्येक माणूस म्हणजे काहीतरी देण्याची संधी. मीटर बघायला आलेला माणूस तोंडली घेऊन जाई. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला आलेला एक टाय लावलेला तरुण तासाभराने बाहेर पडला तेव्हा त्याच्याकडे यंत्र तसंच होतं, शिवाय खांद्यावर केळ्याचा घड होता, आणि आपण इथे कशासाठी आलो होतो हे त्याला आठवत नव्हतं.

बरं, दिलं आणि विसरले, असा प्रकार नाही. दिल्यावर ते जागचे हलत नसत. पहिल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला त्यांच्या झाडाचा फणस दिला. गरे ताटात काढेपर्यंत थांबले. मी एक तोंडात टाकला.

"लागला काय गोड?"

"छान आहे, शेठ."

"छान म्हंजे कसा?"

"खूप गोड आहे."

"माधुरीबाय, तुमी सांगा. ह्यो पावना तोंडातल्या तोंडात बोलतं."

माधुरीने सविस्तर सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "आता परत सांग."

मी त्यांच्यासाठी शेवटपर्यंत पावनाच राहिलो. एकदा मी त्यांना म्हणालो, "शेठ, तुमच्यासारखा दानशूर माणूस मी बघितला नाही." तर चक्क चिडले.

"दानशूर बिनशूर काय नाय. मना देताना गोड वाटतं म्हनून देतंय. जिलबी खाल्ल्यासारखा. तुना फनस मिलाला, ता तुझा नशीब. जिलबी मीच खाल्ली."

पहिल्याच दिवाळीत मला या जिलबीची दुसरी बाजू कळली. भाऊबीजेच्या दिवशी शेठ नवा सदरा घालून सकाळपासून ओट्यावर बसले होते, पण त्या दिवशी जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. पोस्टमन तर रिकामा गेला. ते फक्त गल्लीच्या तोंडाकडे बघत होते. दुपारी दोनला उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं.

"ह्यांची बहीन हाय, दिघ्याला. गुनाबाय," हौसाकाकींनी मला हळूच सांगितलं. "दोन वर्सं झाली, आली नाय."

"भांडण झालं?"

"भांडन कसला. ती फराल घेऊन आली व्हती. दोन दिस बसून सोता केलेला. ह्यांनी डबा घेतला न् ओट्यावर बसलेल्या समद्यांना तिथंच वाटून टाकला. सोता एक चकली नाय खाल्ली. मंग रिकाम्या डब्यान सोन्याची बांगडी घातली न् तिच्या हातान दिली. ह्यांना वाटला, चांगला केला."

"मग?"

"ती बोलली, दादा, मी फराल आनला, तू मना पगार दिलास. बांगडी ओट्यावर ठेवली न् गेली."

त्यानंतर दर भाऊबीजेला मी ते दृश्य बघत आलो. नवा सदरा, खुर्ची, दुपारचे दोन, बंद दार.

बाकी वर्षभर मात्र त्यांना काही दिलं तर ते त्यांना पचत नसे, हे मी स्वतःच्या अंगावर अनुभवलं. गावाहून येताना मी त्यांच्यासाठी अर्धा किलो कंदी पेढे आणले. तासाभरात वर पंचवीस किलो तांदूळ आले. माधुरीने हौसाकाकींना स्वेटर विणून दिला, दुसऱ्या दिवशी आमच्या दारात लोखंडी पलंग उभा. मी म्हटलं, आपणही साताऱ्याचे आहोत, हरायचं नाही. एका पहाटे त्यांची मोडकी खुर्ची उचलून तिच्या जागी नवी कोरी खुर्ची ठेवली आणि पायातल्या चपला हातात घेऊन वर पळालो. नाव नाही, गाव नाही. शेठनी सकाळी सगळ्या गल्लीची उलटतपासणी घेतली. दूधवाल्याने मला ओळखलं होतं. संध्याकाळपर्यंत आमच्या वन-बीएचकेमध्ये चार खुर्च्या आल्या. पलंगावर तांदूळ, तांदळावर खुर्च्या आणि खुर्चीवर मी.

"आता त्यांना काहीही देऊ नका," माधुरी म्हणाली. "साधं 'कसे आहात' विचारलंत तरी ते आपल्याला कपाट पाठवतील."

माझ्या अतिहुशारीचा कळस झाला तो जिताड्याच्या वेळी. जिताडा म्हणजे इकडच्या खाडीतला नामांकित मासा. शेठनी खाडीकाठी एक तळं राखलं होतं, त्यात ते जिताडे वर्षानुवर्षं वाढवत. साहेबाकडून काम करून घ्यायचं असेल तर त्याच्या घरी जिताडा न्यावा, ही या भागातली जुनी रीत. एका सकाळी शेठनी माझ्या हातात माझ्या मांडीएवढा जिताडा ठेवला. आमच्या स्वयंपाकघरात तो शिजण्याची शक्यता शून्य होती. पण ऑफिसात माझ्या बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर चार महिने पडून होता. मी मासा टॉवेलमध्ये गुंडाळला, बाळासारखा छातीशी धरला आणि रिक्षाने बेलापूरला साहेबांच्या घरी गेलो. "आमच्या घरचाच आहे," असंही म्हणालो. माळकऱ्याच्या तोंडून निघालेलं हे वाक्य ऐकून माझे आजोबा जिथे कुठे असतील तिथे उठून बसले असतील.

साहेबांचा ड्रायव्हर शेठच्या गावकीतला निघाला. संध्याकाळी शेठ वर आले, पलंगाच्या कडेला बसले.

"जितारा सायबाला दिलास?"

मी मान खाली घातली. "हो, शेठ. चुकलं."

"चुकला काय त्याच्यान. खाल्ला कसा त्यानं? बघितलास?"

"नाही. देऊन निघालो लगेच."

"म्हंजे देऊन पन जिलबी खाल्ली नाय." त्यांना माझी खरोखर कीव आली. "मांगितलास काय?"

"बढती."

"मंग ते देना नाय, ता बाजार झाला. आन् बाजार पन तुना जमला नाय. येवऱ्या जिताऱ्यान मॅनेजर झाला असतास."

बढती मिळाली नाही. साहेब मात्र पुढच्या वर्षी त्याच सुमारास मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "यंदा अजून मासा नाही आला तुमचा." मी हे घरी रडकुंडीला येऊन सांगितलं. तेव्हापासून शेठ दरवर्षी दोन जिताडे काढू लागले, एक स्वतःसाठी आणि एक माझ्या साहेबासाठी, आणि तो पोचवायला मला जावं लागे. निवृत्त होईपर्यंत साहेबांनी सहा जिताडे खाल्ले. माझा कागद टेबलावरच होता.

दुसऱ्याच्या घरातलं बिघडलेलं दुरुस्त करायची मला भारी हौस. आमच्या न्हाणीघरातला नळ दीड वर्ष गळत होता, ते सोडा. नवव्या वर्षी, दिवाळीच्या पंधरवडाभर आधी, शेठनी मला सहज विचारलं, "पावना, दिघ्याला यंदा मेट्रो जातं काय रं?" जात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी ठरवलं, आपणच दिघ्याला जायचं आणि गुणाबाईंना समजवायचं. शेठना सांगायचं नाही. फक्त हौसाकाकींना सांगितलं, म्हणजे शेठना सांगितलंच.

दिघ्याची ती अरुंद चाळीवजा गल्ली, वरच्या मजल्यावरचं घर. गुणाबाई भावासारख्याच रुंद, आणि नजर तीच, घारीची. मी एका दमात भाषण केलं, भाऊ कसा झुरतो ते सांगितलं. त्यांचे डोळे जरा भरल्यासारखे वाटले. एवढ्यावर उठलो असतो तर काम झालं होतं. पण रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून मी कंदी पेढ्यांचा बॉक्स नेला होता. बॅगेत हात घातला, हाताला लागलं ते न बघता त्यांच्या हातात ठेवलं. "आमच्या साताऱ्याचं. घरचंच समजा."

पंच्यात गुंडाळलेलं ते जड गाठोडं त्यांनी सोडलं. आत चांदीची मोठी वाटी होती. बुडाशी नाव कोरलेलं: जोमाकडून गुणाबाईस सप्रेम भेट. मी बूट घालत होतो तेवढ्यात शेठनी ती माझ्या बॅगेत सरकवली होती.

"तुमी सातारचे, ना?" गुणाबाई म्हणाल्या. "मंग तुमच्या वाटीवर माझ्या भावाचा नाव कोनी कोरला?"

मी पेढ्यांचा बॉक्स काढायला गेलो, तो बॅगेच्या तळाशी वाटीखाली चेपून सपाट झाला होता.

"ऐका," त्या म्हणाल्या, आणि आवाज अजिबात चढलेला नव्हता. "ह्यो मानूस सगल्यांना देतं. कोनाकडून घेत नाय. मी त्याची बहीन हाय, ओट्यावरची गिऱ्हाईक नाय. देऊन देऊन सोता मोठा झाला, न् आमाला लहान ठेवला." त्यांनी वाटी पंच्यात बांधून माझ्या मांडीवर ठेवली. "सांगा त्याला, भाऊबीजेला ये. पन रिकाम्या हातानं. ताटान एक रुपया पडला, तर मना भाऊ नाय, असा समजेन. ह्या टायमाला शेवटचा."

मी हे शेठना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ वाटी हातात फिरवत बसले. बहिणीने ओवाळायचं आणि भावाने ताटात काही घालायचं नाही, हे त्यांच्या कल्पनेतच बसेना.

"ओवालनी न देता? लोका काय बोलतील?"

"लोकांना कळणार नाही, शेठ."

"मना कलल ना." मग म्हणाले, "मना एकट्याला जमनार नाय. तू संगती चल. माझ्यावर डोला ठेव."

आम्ही सराव सुरू केला. माधुरीने चहा करायचा, शेठनी प्यायचा आणि काही न देता खाली जायचं, एवढंच. पहिल्या दिवशी ते दारापर्यंत गेले, परत आले, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि मान हलवत म्हणाले, "नाय जमत." दुसऱ्या दिवशी घड्याळ आधीच काढून घेतलं, तर जाताना गॅलरीतल्या आमच्याच कुंडीतलं जास्वंदीचं फूल तोडून माधुरीला देऊन गेले. आठव्या दिवशी त्यांनी चहाबरोबर एक बिस्कीट खाल्लं आणि हात मागे बांधून थेट खाली उतरले. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. जिन्यातून आवाज आला, "वाजवू नका, मी परत येन."

भाऊबीजेला सकाळी माझ्या छोट्या गाडीतून निघालो. ठाणे-बेलापूर रोडला लागल्यावर मला मागचं टायर बसल्यासारखं वाटलं. उतरून डिकी उघडली. तांदळाची दोन पोती.

"शेठ."

"ती मी काल ठेवली व्हती. इसरलो."

रस्त्याकडेच्या सोसायटीच्या वॉचमनला त्यांनी दोन्ही पोती देऊन टाकली. तो बिचारा पावती कुठे करायची विचारत राहिला. शेठ खूश होऊन गाडीत बसले. "आता सांत वाटतं. आता जमल."

तरी दिघ्याच्या जिन्याखाली मी त्यांची झडती घेतली. चष्म्याच्या घरात नोटांची सुरळी. मोज्यात अंगठी. टोपीखाली साडीच्या दुकानाचं पाकीट, आत काय होतं ते मी बघितलंच नाही. "आजून डाव्या मोज्यान बघ," ते स्वतःच म्हणाले, चोर पकडून द्यावा तसे. चेन त्यांनी हौसाकाकींकडे ठेवून आणली होती, म्हणून मान उघडी उघडी दिसत होती. सगळं काढून घेतल्यावर ते जिना चढू लागले, पण दोन्ही हात पुढे धरलेले, काहीतरी जड उचलून नेताना धरतात तसे. हाताचं करायचं काय, हे त्यांना कळत नव्हतं.

गुणाबाईंनी दार उघडलं. आधी तोंडाकडे बघितलं नाही. हातांकडे बघितलं. उजवा, मग डावा.

"ये, दादा."

पाट मांडलेला होता. शेठ बसले. तिने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. ताट एकदा फिरलं, आणि शेठचा उजवा हात शर्टच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा. हात गळ्याकडे गेला. गळा रिकामा. ताट दुसऱ्यांदा फिरलं. हात बोटं चाचपू लागला, अंगठी माझ्या खिशात. तेव्हा शेठनी दोन्ही तळवे मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. कपाळावर घाम. ताट तिसऱ्यांदा फिरलं आणि खाली आलं. ताटात निरांजन, सुपारी, कुंकू. बाकी काही नाही. गुणाबाईंच्या ओठांच्या कडा हलल्या. नऊ वर्षं मी ज्याची वाट बघत आलो होतो ते घडत होतं.

"पावने, तुमी पन बसा पाटावर," त्या मला म्हणाल्या. "तुमी आनलाव त्याला."

मला इतकं भरून आलं की विचारू नका. मी बसलो. त्यांनी मला ओवाळलं. ताट समोर आलं. आणि चाळीस वर्षं बहिणींच्या ताटात पैसे टाकत आलेला माझा हात, मला न विचारता, पाकिटात गेला आणि पाचशेची नोट ताटात ठेवून आला.



"ह्या कोनाचा?" गुणाबाई म्हणाल्या.

"माझे, ताई. माझेच."

"वाटी पन तुमचीच व्हती."

"आईशपथ, ताई, सवयीने गेला हात. हे बघा." मी पाकीट उघडून दाखवायला गेलो, आणि आतून शेठच्या चष्म्याच्या घरातली नोटांची सुरळी घरंगळत ताटाशेजारी पडली. ती मीच झडतीत तिथे ठेवली होती. तिला उचलायला खिशात चाचपलं तर अंगठी निघाली आणि पाटाभोवती गोल फिरून गुणाबाईंच्या पायाशी थांबली. माझ्या अंगावर जणू शेठचं अख्खं दुकान होतं.

गुणाबाई ताट घेऊन उठू लागल्या. त्यांचा चेहरा बंद झाला होता. "मना वाटलाच व्हता," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात शेठनी मांडीखालचा हात काढला, बहिणीच्या ताटातली पाचशेची नोट उचलली, तिची घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवली.

गुणाबाई थांबल्या.

"टाकली नाय," शेठ म्हणाले. "तुझ्या ताटातून घेतली. बस झाला?"

मग खिशावर हात ठेवून, "अजून काय हाय घरान? जे असल ते दे. घेतंय."

गुणाबाईंनी त्यांच्या खिशाकडे बघितलं. मग हसायला लागल्या, इतक्या की ताट माझ्या हातात द्यावं लागलं. हसता हसता पदर तोंडाला लावून तशाच आत गेल्या, आणि तिथे जो आवाज येत होता तो बराच वेळ हसण्याचाच होता असं मी म्हणणार नाही. शेठ पाटावरून उठले नाहीत. त्या दिवशी त्यांनी बहिणीच्या हातचं तीनदा वाढून घेतलं, पाणी मागून घेतलं, सुपारी मागून घेतली, आणि एकदाही "तुमी पन घ्या" म्हणाले नाहीत. निघताना तिने त्यांच्या हातात सांदणांचा डबा दिला, तांदळाची, नारळाच्या दुधातली, अजून कोमट होती. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. थँक्यू वगैरे शब्द त्यांच्याकडे नव्हतेच.

परतीच्या वाटेवर त्यांनी डबा उघडला. गाडीभर नारळाचा वास. मी नऊ वर्षं या माणसाच्या शेजारी बसून काही ना काही मिळवत आलो होतो, त्यामुळे सवयीने डावा हात पुढे केला.

"शेठ, एक चाखू द्या."

"नाय."

मला वाटलं चेष्टा करतायत. "अहो, एक."

"गाडी चालव."

"आणि माझे पाचशे?"

"ते गुनीनं मना दिलान."

खारघरला पोचलो तेव्हा ओट्यावर नेहमीची मंडळी जमलेली होती, दिवाळीचा दिवस, आज शेठ काय काढतात म्हणून. गाडी बघून दोघं-तिघं उठून पुढे आले. एकाने शेठच्या बाजूच्या काचेवर टकटक केली. शेठनी त्याच्याकडे बघितलं, ओळखीचं हसले, आणि डबा मांडीवर आणखी आत ओढून घेत एक आख्खं सांदण तोंडात घातलं. डोळे मिटले. कसं लागतंय, हे त्यांनी कोणाला विचारलं नाही.

"काच खाली करू का, शेठ? ते वाट बघतायत."

"थांब," भरल्या तोंडानं ते म्हणाले. "अजून दोन हायेत."